उरलेला बोल्ट

३ मार्च, सोमवार
गाडीचे ब्रेक कुरकुरतायत. गॅरेजला देणार नाही. यापुढे गाडीचं सगळं स्वतः करायचं, ठरलं! सुरुवात ब्रेक पॅडपासून. रविवारी लेक बाळाला घेऊन दवाखान्यातून सुटणार. आजोबांनी स्वतःच्या हाताने दुरुस्त केलेल्या गाडीतून नातू घरी येईल. हिला सांगितलं. ही म्हणाली, आधी बाथरूमच्या नळाचं बघा. हिला दृष्टीच नाही.

५ मार्च, बुधवार
पार्किंगमध्ये काम फत्ते. व्हिडिओ नीट पाहिला होता, फक्त शेवट राहिला. शेजारीच ही पाळण्याचा स्टँड सुटा करून धूत बसलेली. असल्या पसाऱ्यात एकाग्रता कशी राहणार? तरी पुढची दोन्ही चाकं खोलली, जुने पॅड काढले, नवे बसवले. हात काळे, छाती फुगलेली.
सायंकाळी : सुटे भाग ठेवलेल्या वर्तमानपत्रावर एक बोल्ट उरलाय.

६ मार्च, सकाळ
घाबरण्यासारखं काही नाही. कंपन्या एखादा बोल्ट जास्तीचा लावतातच.
दुपार : व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. त्यात काहीही उरत नाही.
गाडीत जाऊन बसलो. ब्रेक दाबला तर पाय थेट तळाला! पुन्हा पुन्हा दाबल्यावर पेडल वर आलं. गेटपर्यंत नेली. थांबली. पण दवाखान्यापासून चौकापर्यंत मोठा उतार आहे. तिथे बाळाला घेऊन थांबेल?

७ मार्च, शुक्रवार
चाकं पुन्हा खोलायची, असा निर्धार. पाना हातात घेतला, पुसला, परत ठेवला. चहा प्यायलो. निर्धार उद्यावर.
बोल्ट खिशातच ठेवलाय, सारखा चाचपतो. हीसुद्धा कालपासून कपाटं उपसून काहीतरी शोधतेय. काय ते विचारलं नाही. उगाच माझ्या खिशाकडे मोर्चा वळायचा.

८ मार्च, शनिवार
गॅरेजवाल्याला दाखवावी का? छे. सोमवारीच त्याला ऐटीत सांगून आलोय, आता तुमचं आमचं काम संपलं. तो हसून बरं म्हणाला होता.
हिला सुचवलं, बाळासाठी टॅक्सी बरी, ऐसपैस असते. ही म्हणाली, आठवडाभर सगळ्या नातेवाइकांना फोन करून डंका पिटलात, आता काय झालं? काही नाही म्हटलं. डोळे मिटले की उतार दिसतो.

९ मार्च, रविवार
जाताना ही शेजारी. सगळा रस्ता दुसऱ्या गिअरमध्ये. सायकलवाले घंटी वाजवत पुढे गेले. काळजी घेतोय, असं हिला सांगितलं.
दवाखान्याच्या दारात लेक बाळाला घेऊन मागे बसली, जावई तिच्या बाजूला. बाळाच्या मुठी घट्ट वळलेल्या. एवढ्याशा! मी किल्ली फिरवली आणि पुढे काही जमेना. उतरलो. मागचं दार उघडून म्हणालो, सगळे खाली उतरा. बोल्ट काढून दाखवला. सांगून टाकलं, ब्रेक मी केलेत, हा उरलाय आणि मला फार भीती वाटतेय. भर रस्त्यात रडलोसुद्धा.
ही बोल्टकडे बघतच राहिली. मग म्हणाली, अहो, हा पाळण्याचा आहे! चार दिवस याच्यासाठी घर पालथं घालतेय मी.
म्हणजे ब्रेक ठीक होते! नव्या पॅडवर पेडल आधी तळाला जातंच, व्हिडिओच्या शेवटी तसं सांगितलंही होतं; बोल्टच्या धास्तीत विसरलो. मी लगेच म्हणालो, बसा, बसा. तरी सगळे टॅक्सीनेच गेले. मी मागून एकटा. उतारावर गाडी झक्क थांबली. बघायला कुणी नव्हतं.

सायंकाळी : पाळणा मीच जोडतो म्हणालो. तिघंही एकदम नको म्हणाले. मला टॉर्च धरायला दिला. उजेड भलतीकडेच पडतोय म्हणून जावयांनी तोही काढून घेतला.
मग लेकीने बाळ माझ्या मांडीवर दिलं. आधी माझ्या दोन्ही बाजूंना उशा लावल्या.