सुकेशनीले आणायची जीप

२४ ऑगस्ट, रविवार
आजपासून रोज लिहायचं. जीपचं काम कसं कसं होत गेलं याची नोंद पाह्यजे. पुढं कोणी विचारलं तर सांगता आलं पाह्यजे.

जीप माझ्या वयाची आहे. मंगरूळच्या जानराव मिस्त्रीनं स्प्रिंगचे जास्तीचे पाटे टाकून तिले वर उचलली. आता आसेगावात एवढी उंच गाडी कोणाची नाही. फक्त खाली नजर गेली का मन खट्टू होते. एवढ्या अंगाले ते जुने टायर म्हणजे बैलाले बकरीचे पाय. याडी म्हणे, चाकं फिरतात ना, मंग झालं. आपल्या आईले टायरातलं काही समजत नाही हे मी धरूनच चालतो.

हे सगळं सुकेशनीसाठी आहे. माझी एकुलती बहीण, मानोऱ्याकडं तांड्यावर दिली. पाचवा महिना चालू आहे. पहिलं बाळंतपण मायेरी. तिचा नवरा लखन दरसाल दिवाळी झाली का टोळीसंगं ऊसतोडीले जाते. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. सुकेशनी मायेरी असली तर लखन चुलतभावाले जोडीले घेईन. सासरी असली तर तिलेच पोट घेऊन फडात जा लागते. म्हणून टोळी निघायच्या आत तिले घरी आणायचं.

एष्टी फाट्यावर सोडते. पुढं नाला आहे. अशा दिवसांत माझी बहीण नाला तुडवत येईन का? मी फोनवर शब्द देला, थाटात बसजो, मी जीप घेऊन येतो.

३१ ऑगस्ट, रविवार
मड टायर का ऑल टेरेन? मड टायर चिखलात पकडते पण डांबरावर घुंघुं करते. ऑल टेरेन दोन्हीकडं चालते, म्हणजे कुठंच नीट चालत नाही. मोबाइलवरच्या ऑफरोड ग्रुपात विचारलं. सकाळपासून भांडणं सुरू झाले, संध्याकाळपर्यंत दोघं ग्रुप सोडून गेले. विषयात दम आहे म्हणायचा.

कुठं जायचं आहे, हे कोणी विचारलं नाही. मीही सांगतलं नाही.

७ सप्टेंबर, रविवार
ठरलं. मड टायर, एकतीस इंची. आता बदल नाही.

८ सप्टेंबर
तेहतीस इंची दिसायले भारी दिसतात.

९ सप्टेंबर
याडी गोधडी शिवून राह्यली, येणाऱ्या जिवासाठी. तिच्या दोऱ्यानं चाकावरची जागा मोजली. तेहतीस बसत नाही, मडगार्ड कापा लागते. याडीनं विचारलं, माझा दोरा कुठं गेला. तिले म्हटलं, सुकेशनीच्याच कामात आहे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
आज एक पक्कं पाऊल टाकलं. जुने चार टायर डिस्कसकट, म्हणजे आतल्या लोखंडी चाकासकट, विकून टाकले. दोन गावातल्या भिवाजीनं बैलगाडीले नेले, दोन त्याच्या भावानं. जुने हाती असले का माणूस ढिला पडते. आता मागं फिरणं नाही. जीप विटांवर उभी केली. पाचवा टायर, स्टेपनीचा, तेवढा ठेवला.

याडीनं विचारलं, आता पोरीले आणायचं असलं तर कशानं आणशीन. म्हटलं, याडी, तुले घाई लय.

२ ऑक्टोबर, दसरा
गाडीची पूजा केली. हार, कुंकू, नारळ. चाकाखाली लिंबू ठेवायची रीत आहे. चाकं नव्हते, विटांपाशी ठेवले. भिवाजी बैलगाडी घेऊन आला, माझ्या जुन्या टायरांचीही पूजा झाली त्याच्या हातून. चांगले पळून राह्यले त्याच्या गाडीखाली. मले वाईट नाही वाटलं.

सुकेशनीचा फोन आला होता. थैली भरून ठेवली म्हणे. पाय सुजतात. म्हटलं, आता आठ-दहा दिवस.

९ ऑक्टोबर, गुरुवार
डिस्कचं मी विसरलोच होतो. रुंद टायरले रुंद डिस्क पाह्यजे, अन् डिस्क कितपत बाहेर काढायची याचाही हिशोब असते. आत गेली तर टायर पाट्याले घासते, बाहेर गेली तर बेअरिंगवर ताण येते. जानरावले विचारलं. जानरावचं एकच असते, होऊन जाते. त्याच्या भरोशावर टायर अन् डिस्क, दोन्हीची नागपूरले ऑर्डर देली. डिस्क काळ्या.

जानराव म्हणे पाच घ्या. मी चारच सांगतले. मड टायर पंक्चर होत नसते, त्यासाठीच तर घेऊन राह्यलो. स्टेपनी मागं लटकवायले जुना आहेच.

१८ ऑक्टोबर, शनिवार
ट्रान्सपोर्टवाले दिवाळीत बंद. हे आधी कोणी सांगतलं नाही. माणसाले अडचणी कुठून येतील काही नेम नाही.

याडीनं सकाळी गाठोडं बांधलं. म्हणे मी एष्टीनं जातो न पोरीले घेऊन येतो. मी गाठोडं सोडवलं. समजावलं का आज-उद्या टायर येतातच, अन् एवढं सगळं केल्यावर पोरगी एष्टीत उभी राहून आली तर तांड्यावर काय इज्जत राहीन? याडीनं लाडू डब्यात परत भरले.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
सुकेशनीचा फोन. टोळीचा ट्रक तांड्यावर येऊन लागला. उद्या सकाळी निघतो म्हणे. भिया, मोटरसायकलनं ये, एष्टीनं ये, कशानंही ये, मी फाट्यावर येऊन बसतो. म्हटलं तू नाला पार करू नको, टायर अकोल्यापर्यंत आले आहेत. मुकादमाले दोन दिवस थांब म्हणा. ती म्हणे मुकादम माझा भाऊ आहे का थांबायले.

भाऊ आला नाही म्हणून तिनं चंद्राले ओवाळलं. मी गमतीनं म्हटलं, पाह्य, तुले भावाच्या बदल्यात चंद्र भेटला. ती हसली नाही. फोन कट झाला, रेंज गेली असन.

२५ ऑक्टोबर, शनिवार
टायर आले. नव्या रबराचा वास घरभर. जीप विटांवरून खाली उतरली तवा डोळ्यात पाणी आलं. एका दिवसानं काय फरक पडते, ट्रक निघायले उशीर होतच असते, असं म्हणत याडीले घेऊन निघालो. तिले चढता येईना. दगड लावला, मंग मी खालून रेटा देला.

नाल्यावर पूल होता. उन्हाळ्यातच झाला म्हणे. पुलावर एक ॲटो उभा होता, ॲटोवाला बिडी पिऊन राह्यला होता.

तांड्यावर घराघराले कुलपं. एक म्हातारी शेळ्या राखत बसली होती. ट्रक काल सकाळीच गेला. सुकेशनी शेवटची चढली म्हणे, फाट्याकडं पाहत होती. याडी पोरीच्या उंबऱ्यावर बसली अन् कुलपाले हात लावून पाह्यला. मी जीप फिरवून उभी केली. येताना ती मागं बसली.

पण टायर भल्लेच मस्त आहेत. लिहितो कारण खरं आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार
डावीकडं पुरं स्टिअरिंग कापलं का टायर मडगार्डले घासते. जानराव म्हणे, होऊन जाते. तोपर्यंत मी उजवीकडूनच वळतो. मंगरूळले जायले थोडा फेरा पडते, त्यात आसपासचा मुलूख पाहून होते.

याडी माझ्याशी कामापुरतं बोलते. वय झालं.

१४ डिसेंबर, रविवार
याडी चालली. एकटी. तीन एष्ट्या बदलून, ऊस आहे तिथं, पोरीपाशी. म्हणे, पोरगी मायेरी आली नाही तर मायेर तिकडं जाईन.

मी जीप न्यायचा विचार केला होता. खरंच केला होता. ग्रुपात विचारलं तर सगळे म्हणाले, एवढ्या लांब डांबरावर मड टायर झिजून जातात. सुकेशनीसाठी घेतलेले टायर रस्त्यावर झिजवायचे का? म्हटलं, स्टँडपर्यंत तरी सोडतो. याडीनं जीपच्या पायरीकडं पाह्यलं, गाठोडं डोक्यावर घेतलं अन् पायी निघाली. गोधडी वरच बांधली होती.

२९ डिसेंबर, सोमवार
पोरगी झाली. मी मामा झालो.

कोपीत झाली, उसाच्या पाचटाच्या झोपडीत. याडी सांगत होती का सुकेशनी आदल्या दिवशीही मोळ्या बांधत होती. सुकेशनीले फोन दे म्हटलं तर झोपली म्हणे. मंग मागून तिचा आवाज आला. जागीच होती.

मी जीपमधी जाऊन बसलो अन् रडलो. आनंदाचंच असन.

१८ जानेवारी, रविवार
घर खायले उठते. खिचडी केली, खाली लागली. पाळणा अडकवायले याडीनं आढ्याले कडी मारून घेतली होती दसऱ्याच्या आधी. जेवताना त्या कडीकडं पाठ करून बसतो.

टायरवर माती बसू देत नाही. रोज पुसतो.

८ मार्च, रविवार
चांगली बातमी. टोळी वापस येऊन राह्यली. येताना ट्रक पोहरादेवीले थांबणार, तिथंच पोरीचं जावळ काढायचं असं लखननं ठरवलं. आता जावळ म्हटलं का मामा आला. मामाच्या मांडीवर बसवल्याशिवाय लेकराचे केस काढत नाहीत. याडीनंच फोन केला. म्हणे, एवढं तरी कर बाप्पा. पोरगी काही बोलत नाही, पण वाट पाहून राह्यली. तू येऊन मांडी देली तर तिचं मायेर राहीन.

हे काय सांगायचं झालं? लेकरासाठी चांदीचे वाळे घेतले. संकल्प: त्या दिवशी पहाटे उठायचं, ग्रुप उघडायचा नाही.

२२ मार्च, रविवार. सकाळी सहा
निघालो. जावळ दहाले आहे, रस्ता दीड-दोन घंट्यांचा. वाळे खिशात. नवा सदरा. आज सगळं फिटून जाईन. लेकरू मांडीवर घेईन अन् मंग सगळ्यांना जीपमधी बसवून आणीन. चढायले लाकडी पाट घेतला आहे, इतका मी विचार केला.

त्याच दिवशी, पावणेनऊ
मानोऱ्याच्या पुढं. लिहायले वेळ आहे म्हणून लिहितो.

हाताशी भरपूर वेळ होता, अन् रस्त्याच्या बाजूनं एक कापलेलं तुरीचं वावर दिसलं. एवढे मड टायर घेऊन नुसतं डांबरावरूनच जायचं का? म्हणून त्यातून काढली. काय गेली जीप, लोण्यातून गेल्यासारखी. परत रस्त्यावर आल्यावर फुस्स. तुरीचा खुटा टायरच्या बगलेत घुसला. कापलेल्या तुरीचे खुटे भाल्यावाणी असतात, हे मले लहानपणापासून माहीत आहे.

स्टेपनी लावून पाह्यली. लावता येते, पण ती बुटकी. जीप एका पायानं लंगडी उभी राहते, अन् एका बाजूले इतकी कलते का चालवली तर उलटीन. परत काढली. जॅकवर आहे.

सव्वानऊ
एष्टी आली. ड्रायव्हरनं स्वतःहून थांबवली. पोहरादेवीले चालली होती. म्हणे बसा, अर्ध्या घंट्यात सोडतो. मी चाकांकडं पाह्यलं. असा उघडा रस्ता, नव्या काळ्या डिस्का, कोणी खोलून नेल्या तर? म्हटलं तुमी व्हा पुढं, मी येतोच मागून. जानरावले फोन लावला आहे. होऊन जाते म्हणाला.

साडेदहा
याडीचा फोन येऊन राह्यला. उचलत नाही, हात काळे आहेत.

संध्याकाळ. घरी
दुपारी टोळीचा ट्रक त्याच रस्त्यानं आला अन् माझ्यापाशी थांबला. वर भांड्याकुंड्यांवर सुकेशनी बसली होती, मांडीवर लेकरू. लेकराचं डोकं साफ होतं. कुंकवाचं बोट लावलं होतं. सुकेशनी वाळून गेली आहे. ती वरून माझ्याकडं पाहून राह्यली होती, अन् एवढ्या दिवसांत मले पहिल्यांदा माझी जीप बुटकी वाटली.

टोळीतला रामकिसन खाली उतरला. बिचारा कानकोंडा झाला होता. म्हणे, लय वाट पाह्यली भाऊ, न्हावी उठून चालला होता, मंग मीच मांडी घातली. राग नका धरू. त्याच्या सदऱ्यावर बारीक बारीक केस चिकटले होते. मी त्याचा सदरा पाहत राह्यलो. ते केस माझ्या सदऱ्यावर पाह्यजे होते.

सुकेशनीनं विचारलं, भिया, एष्टी नव्हती का? म्हटलं, होती. थांबलीही होती. पण हे टायर असे टाकून कसं येऊ? तिनं मान हलवली. मुकादमानं टोळीचा हिशोब सांगतल्यावर हलवावी तशी. मी लेकरासाठी हात वर केले. तिनं हात पाह्यले, काळे होते. राहू दे म्हणे, आताच झोपली.

याडी ट्रकमधून उतरली नाही. पोरीपाशी राहतो म्हणे काही दिवस. किती, ते मी विचारलं नाही. ट्रक गेल्यावर खिशात वाळे लागले.

जानराव आला नाही. ऊन उतरेपर्यंत मी जीपपाशी बसून राह्यलो. रस्त्यानं माणसं गेले, ट्रॅक्टर गेले, बैलगाड्या गेल्या. चाकांकडं कोणी ढुंकूनही पाह्यलं नाही.

मंग शेवटची एष्टी आली अन् मी तिच्यात बसून घरी आलो. जीप तिथंच सोडली, तशीच, जॅकवर. सकाळी पण सोडता आली असती.