सापासकट मेणबत्त्यांचे झाड

मी, विश्वनाथ यशवंत साळुंखे, वय ५४, धंदा संस्कृतचे अध्यापन, राहणार सातारा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. दडपण आहे ते हृदयावर. सोमवारी सांगलीत ते उघडणार आहेत. पुन्हा नीट मिटेल, असे डॉक्टर म्हणतात. तरीही.

१. राहते घर थोरली बहीण सुलाबाई, म्हणजे आमची आक्का, हिच्याकडे तहहयात. नंतर माझी एकुलती मुलगी संयोगिता हिचे. माझ्या पत्नीच्या पश्चात आक्कानेच शिराळ्याहून येऊन तिला वाढवले.

२. पुस्तके शाळेला. शाळा नको म्हणेल. तरी द्यावीत.

३. मातीचे झाड. संयोगिता मेक्सिकोत कुंभारकाम शिकते. तिकडे मेणबत्त्या लावायला मातीची झाडे घडवतात: फांद्यांवर पाखरे, खाली बायबलातले आदिम जोडपे, बुंध्याला साप. तिने घडवलेले पहिले झाड घरी पाठवले. रंग भाजल्यानंतर दिलेला. ओल लागली की सुटतो. हे आक्काला ठाऊक असायचे कारण नाही. गेल्या नागपंचमीला शिराळ्याच्या या सुनेने घरातच नाग आहे म्हणून हळदकुंकू वाहून त्यावर दूध ओतले. साप पांढरा पडला, जोडप्याचे डोळे गेले. संयोगिता फोनवर बघून म्हणाली, "आत्या, किती अडाणी गं तू!"

"व्हय बाई, अडाणीच हाय मी. न्हाई लावत हात."

तेव्हापासून दोघी एकमेकींची खुशाली मला विचारतात. सोमवारनंतर हे निरोप्याचे पद रिक्त होण्याचा संभव आहे.

सबब झाड आक्काला देतो, घडवणारीला नाही. संयोगिते, दूध ओतताना मी मागेच होतो. आक्का सापाला सांगत होती, "पोरगी एकलीच हाय परमुलखात. तिच्या वाटंला जाऊ नगंस, बाबा. तिकडच्या तुझ्या भावांनाबी सांग." हे कोणाला सांगू नकोस, अशी तिने मला ताकीद दिली. मृत्युपत्राचे नाव तिने घेतले नव्हते.

४. झाड पुन्हा रंगवायचे तर इथे येऊन, आक्कासमोर बसून. सापाचा रंग आक्का सांगेल तो.

साक्षीदार जोतिबा वाचून म्हणाले, "सर, हे मेल्यावर वाचायचं व्हय? आवं, आत्ताच धाडा की!" फौजेतला माणूस, उत्तराची वाट न पाहता त्यांनी या कागदाचा फोटो तिला पाठवला. तिकडे सकाळ असावी. निळ्या खुणा उमटल्या.

इथवर लिहिले तोच फोन वाजला. माझा नव्हे, स्वयंपाकघरातला. आक्का पदराला हात पुसत त्याच्याकडे नुसती बघते आहे.

सही करतो.

वि. य. साळुंखे
साक्षीदार: १. जोतिबा सखाराम घाडगे, माजी सुभेदार, शेजारी
२. पूजा शिवतेज घाडगे, त्यांची सून
सातारा, १५ फेब्रुवारी २०२५