नोएमीचं इंजेक्शन

नेब्रास्का, ४ सप्टेंबर

प्रिय आई,

ग्वादालूपेची माता मेरी तुझ्या पाठीशी असो. आम्ही खुशाल आहोत. रामीरोला दिवसपाळी मिळाली, तुझा जावई आता रात्री घरी असतो. तुझा गुडघा कसा आहे?

नोएमीला नवी शाळा आवडली. फक्त तिचं शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन शाळेच्या कपाटात कुलपात असतं आणि नर्स आठवड्यातून दोनच दिवस येते. कायद्याने मूल ते स्वतःजवळ ठेवू शकतं. डॉक्टरांनी सहीही दिली. पण आधी नर्ससमोर सरावाच्या बिनसुईच्या इंजेक्शनने स्वतःच्या मांडीवर टोचून दाखवावं लागतं. नोएमीचा हात मांडीपाशी जाऊन थांबला आणि ती रडायलाच लागली. नर्स म्हणाली, "बाई, माझा नाइलाज आहे. वीस तारखेला पुन्हा बघू."

मुदत संपलेलं एक इंजेक्शन मी जपून ठेवलं होतं. काल तिला संत्र्यावर सरावाला दिलं. झटक्यात टोचलं तिनं. वर मला म्हणते, "आई, संत्रं कुठे ओरडतं?"

तू काळजी करू नकोस. जेवणाच्या सुट्टीत मी रोज शाळेबाहेर गाडीत जपमाळ घेऊन बसते, घरचं इंजेक्शन मांडीवर ठेवून. परवा रस्त्याने रुग्णवाहिका गेली, तर मी एका पायात बूट घालून शाळेच्या दारापर्यंत धावले.

आई, तू रोज स्वतःच्या पोटात इन्सुलिन टोचतेस. पहिल्या दिवशी तुझा हात कसा पुढे गेला, तेवढंच तिला लिही. शूर हो, असं लिहू नकोस, ते आम्ही सांगून थकलो. फोनवर ती नुसतं हो हो करते. तुझी पत्रं मात्र उशाखाली ठेवते.

पत्र आजच टाक गं.

तुझी,
एलिदिया