मुक्या कंपासाचं नाव

९ ऑक्टोबर

प्रिय धाकट्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, सगळे सुखरूप आहेत. आईचे गुडघे कुरकुरतात आणि गुडघ्यांपेक्षा आई जास्त. तू हल्ली बोटींची इंजिनं झकास दुरुस्त करतोस, असं तिच्याकडून कळतं. मला तू कशाला सांगशील म्हणा!

जहाज सोडल्यापासून मी नाविक शाळेत जुन्या उपकरणांच्या पाट्या लिहिते. मागच्या आठवड्यात पेलोरसची पाळी आली. आपण त्याला मुका कंपास म्हणायचो: अंशांची तबकडी, वर नेम धरायची पट्टी, पण चुंबक नाही. दीपगृह कुठल्या कोनात आहे ते त्यावरून कळतं, पण उत्तर दिशा काही त्याला स्वतःहून ठाऊक नसते. शब्द कुठून आला, हेही पाटीवर हवं होतं. कुणा कारखानदाराचं नाव असेल, असं समजून मी थोरला कोश उघडला.

ते एका वाटाड्याचं नाव निघालं! दोन हजार वर्षांपूर्वीचा. दंतकथाच असावी, असं कोशही म्हणतो. तो एका सेनापतीचं आरमार अरुंद सामुद्रधुनीतून नेत होता. समोर डोंगराला डोंगर भिडलेला दिसला. यानं दगा दिला असं वाटून सेनापतीनं त्याला तिथंच मारलं. गलबतं थोडी पुढे सरकली आणि डोंगर बाजूला झाले. वाट होती. मग सेनापतीनं त्याचं थडगं बांधलं, तिथल्या भूशिराला त्याचं नाव दिलं.

तीस वर्षं मी त्या तबकडीला डोळा लावला, तिच्यावर चहाचा कपसुद्धा ठेवला. आणि ज्याचं कुणी ऐकलं नाही, अशा माणसाचं नाव ती इतक्या शतकांनंतरही सांभाळून होती. मी पाटी अर्धी टाकून खुर्चीत बसून राहिले.

आता मुद्द्याचं बोलते. सहा वर्षांपूर्वी त्या खाडीच्या वळणावर तू बंदराचा पायलट, म्हणजे जहाजांना वाट दाखवणारा, म्हणून माझ्या जहाजावर माझ्या शेजारी उभा होतास. समोर नुसता डोंगर. तू म्हणालास, "ताई, एक मिनिट थांब. पुढे वाट आहे."

खलाशांसमोर ताई म्हणालास आणि माझं टाळकं सरकलं. "इथे कॅप्टन म्हणायचं!" असं ओरडून मी इंजिन उलटं फिरवायला लावलं. जहाज आडवं झालं आणि ओहोटीत गाळात रुतलं. चौकशीत मी सांगितलं, पायलटची वाट चुकली. तुझा परवाना गेला.

वाट चुकली नव्हती. जहाज आडवं होतानाच मला डोंगरापलीकडचं मोकळं पाणी स्पष्ट दिसलं होतं. मी खोटं बोलले.

हे सगळं काल चौकशी कचेरीला लिहून रजिस्टर पोस्टानं पाठवलं. प्रत सोबत आहे. तुझं पत्र मुद्दाम नंतर लिहिलं, म्हणजे मला माघार घेता येऊ नये. शाळेची नोकरी बहुतेक जाईल. जाऊ दे.

त्या सेनापतीला माफी मागायला दगडच उरला होता. माझ्या नशिबानं तू आहेस. शिव्या घालायच्या असतील तर चांगल्या सविस्तर घाल.

तुझं ऐकलं नाही ती,
ताई