यंदा वीर कोण नाचवणार

पंचवटी, नाशिक
२६ जानेवारी २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडलो की शेजारी खिडकीत येतात. म्हणून लिहितो. संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवताना पडलो. डावा पाय नडगीत मोडला. साठीत पतंग कशाला, हे ललिता रोज विचारते. तू नको विचारू. एसटीत जन्मभर क्लच दाबला तो हाच पाय. तेव्हा त्याला काही झालं नाही.

पाडव्यापर्यंत पाय टेकवायचा नाही. व्यायाम शिकवायला तृप्ती नावाची मुलगी येते. म्हणते, पाय मोडलाय, बाकीचा माणूस शाबूत आहे. खुर्चीत बसून पाण्याच्या भरलेल्या बाटल्या डोक्यावर उचलायच्या. प्लास्टरच्या आत मांडी आवळून धरायची, सोडायची. बाहेरून काहीच दिसत नाही. माझ्या डेपोतले साहेब असंच काम करायचे.

पण पाडव्याआधी धुळवड येते. तृप्ती अमरावतीची, तिला वीर माहीत नाही. मी सांगितलं, आमच्या घराण्यात एक जण लढाईत मेला, तो देव्हाऱ्यात चांदीच्या टाकावर आहे. धुळवडीला त्याला खोबऱ्याच्या वाटीत ठेवून नाचत रामकुंडावर न्यायचं, आंघोळ घालायची, परत आणायचं. ती म्हणाली, यंदा बादलीत घाला.

सिडकोतून आपले चुलतबंधू दिनेशराव येऊन गेले. पेरू आणले. माझ्यापेक्षा टाकाचीच चौकशी जास्त केली. दंड दिसतील असा टी-शर्ट घातला होता. म्हणाला, दादा, तू आराम कर, यंदा वीर मी नाचवतो. आपली रीत तुला ठाऊक आहे. वीर ज्याच्या हातात गेला, टाक त्याच्या घरी गेला. परत येत नाही. बाबांनी माझ्या हातात दिलाय, मला तो सोडायचा नाही. काही सुचव.

लोभ असावा, उपदेश बेतानं.
तुझा
खंडू


वणी
४ फेब्रुवारी

चि. खंडूस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. पतंग कापला का नाय, ते लिहिलं नाहीस. म्हणजे नाय.

ती पोरगी सांगते ते कर. ललिताला म्हणावं, बसून खाणाऱ्याला साबुदाणा वडे देऊ नको. मटकी दे, अंडी दे. तू लहानपणी तापात पडला होतास तेव्हा आईनं लाडू चारले, उठलास तेव्हा तुला दारातून आडवा काढावा लागला.

दिनेशचं म्हणशील तर तो पोटच्या पोरासारखा टाकाकडं बघतो, हे मी त्याच्या लग्नापासून बघते. देवाला हापापलेला माणूस मी दुसरा पाहिला नाय. पण तो वाईट नाय, लक्षात ठेव. आणि गुपचूप काही उद्योग करू नको. तुझं गुपचूप मला वणीत ऐकू येतं, फोन सोडून.

अक्काची माया आहेच, ती काय मागून वाढायची नाय.
कुसाबाई


पंचवटी
२० फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न.

तुला ऐकू आलंच असेल. ललिता मंडईत गेली होती. मी एका पायावर नाचून बघितलं. चांगलं जमत होतं. मग दुसराही टेकला, सवयीनं, क्लचसारखा. तुळशीवर पडलो. तुळस गेली.

पुन्हा फोटो काढला. हाड सरकलं नाही. तृप्ती चिडली नाही, त्याचीच भीती वाटली. शांतपणे म्हणाली, पुढच्या वेळी आत सळई घालावी लागेल आणि हा पाय आखूड राहील. मग बाटल्या वाढवल्या. आता पाच लिटरचे कॅन उचलतो. खुर्चीच्या हातांवर रेटून अख्खा मी वर येतो. दंड असे झालेत की बाहीत मावत नाहीत. कमरेपासून वर पैलवान, खाली पार्सल.

दिनेशनं हलगीवाला ठरवलाय. मला न विचारता. अक्का, तू थोरली आहेस. तू म्हणशील ते दोन्ही घरं ऐकतील. वीर नाचवायला पाय लागतो का, तेवढं सांग.

राग नसावा, असला तर कळवू नये.
खंडू


वणी
२८ फेब्रुवारी

चि. खंडूस,
अ. उ. आ.

तुळशीची माफी मागून नवी लाव.

टाक देव्हाऱ्यातून काढ आणि चष्मा लावून बघ. वीर घोड्यावर हाय. त्याचा पाय रिकिबीत हाय. त्यानं स्वतः कधी जमीन शिवली नाय आणि तू त्याच्यासाठी तंगडं मोडून घेतोस. चाकाच्या खुर्चीत बसून ने. हात हलले, खांदे हलले की वीर नाचला. पायऱ्यांवर खुर्ची जायची नाय. तिथं घोडा लागेल. दिनेश दंड दाखवत फिरतोच हाय. त्यालाही मी असंच लिहिलंय. टाकाला त्यानं हात लावायचा नाय, तुला लावायचा. तो रुसला तर रुसू दे, पाठ तर त्याचीच.

तोल सांभाळा दोघंही, म्हाताऱ्या बहिणीला नाशकाला यायला लावू नका.
कुसाबाई


पंचवटी
१६ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

वीराची आंघोळ झाली. नीट सांगतो.

खुर्ची दिनेशनं ढकलली. तोंड असं, की जणू मयताला निघालाय. मी वाटी डोक्यावर धरून घाटापर्यंत नाचवली, हात एकदाही खाली आणला नाही. कॅनपेक्षा वीर हलका. लोक बघत होते. एका बाईनं माझ्या प्लास्टरलाही गुलाल लावला, ते वेगळं दैवत समजून.

पायऱ्यांशी दिनेश खाली बसला. मी त्याच्या पाठुंगळी. प्लास्टरला पिशवी बांधलेली. माझं वजन तुला माहीत आहे, मटकी खाऊनही. पायऱ्या ओल्या, रंगानं बुळबुळीत, भोवती ढकलाढकल. त्याची धाप माझ्या पोटाला लागत होती. एका पायरीवर तो घसरला, सावरला. मला वाटलं, आता माझ्या पायाचं विचारेल. त्यानं विचारलं, दादा, वाटी आडवी नाही ना झाली.

मी नाही म्हणालो.

दिनेश पाण्याशी वाकला. मी कुंडात टाक बुडवला, पुसला, वाटीत ठेवला. मग हात त्याच्या खांद्यावरून पुढं नेला आणि वाटी त्याच्यासमोर धरली. त्याला आधी कळलं नाही. म्हणाला, हात दुखतोय का. दुखत नव्हता. महिनाभर आणखी धरला असता. मी म्हणालो, घे. त्यानं मला सोडून आधी वाटी धरली, त्यामुळे मी पायरीवर बसलो, जरा जोरात. हाड ठीक आहे. दुसऱ्या बाजूचं काही सांगत नाही.

मग चार जणांनी मला वर खुर्चीत आणून बसवलं. संध्याकाळी टाक सिडकोत गेला. ललिता देव्हाऱ्यातली रिकामी जागा पुसत होती. तू बोलशील, ते लिहून कळव.

घाटावरून परत येताना माझी खुर्ची त्या चौघांतला एक ढकलत होता, वाटी दिनेशच्या हातात होती. नाचायला त्याच्यात जोर उरला नव्हता. एक हात कमरेवर ठेवून, पावलं मोजल्यासारखा चालला होता. हलगी वाजतच होती. वीर नाचत नेला आणि चालत आणला, असं आपल्या घरात व्हायला नको. मग मी नाचलो, मागं खुर्चीत, रिकाम्या हातांनी, घर येईपर्यंत.

माया आहे तेवढीच पुरे, मी आता वजनदार झालोय.
तुझा
खंडू