धनूच्या डब्यातलं उळं

सटाणा,
७ मे २००३

ती. मोहिनीताईंना उज्वलाचा साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही दोघी ठीक. एकलहऱ्याला ऊन फार, मोहिनीला म्हणावं पाण्यातून बाहेर येऊ नको, असं आईंनी लिहायला सांगितलंय. ताई काय म्हैस आहेत का, म्हटलं, तर हसल्या.

सोबत कांद्याच्या बियांची पुडी आहे. धनूचं उळं परसात टाक, हा आईंचा निरोप. तो पोचवला. आता माझं ऐका.

यांनी शेवटच्या रजेत गोंडे चोळून, पाखडून बी डब्यात भरलं होतं. कारगिलहून हे पेटीतून आले आणि आम्ही तो डबा देव्हाऱ्यात ठेवला. दोन हंगाम गेले. मी शिवाराचं तोंडही पाहिलं नाही. कांद्याचं बी वर्ष उलटलं की मरतं, हे शेतकऱ्याच्या घरात काय सांगायचं? मला आठवलं नाही, की आठवायचं नव्हतं.

तिसऱ्या साली आई डोळ्याच्या ऑपरेशनला महिनाभर तुमच्याकडे आल्या, तेव्हा जाताना म्हणाल्या, रोप टाक. मी डब्यातलं बी टाकलं. बारा दिवस वाफ्याशी बसून होते. दुपारी डोळा लागला की हे बारे देताना दिसायचे. पायात बर्फातले बूट, सरीतून पाण्याऐवजी बर्फच वाहतोय, आणि जाईल तिथे हिरवं होतंय. जाग आली की वाफा कोरा.

तेराव्या दिवशी मी माहेरचं बी आणून त्याच मातीत टाकलं.

आई परतल्या तेव्हा कोंब वर आले होते. त्या बोटांनी चाचपत बसल्या आणि माहेरच्या बियांचं माझ्याच्यानं सांगवलं नाही. तेव्हापासून त्या पिकाशी बोलतात. यंदा गोंडे फुलले तर म्हणाल्या, पांढऱ्या फुलांत धनू कमरेपर्यंत उभा आहे. खोटं कशाला, मलाही दिसले.

पण तुम्ही यांच्या थोरल्या बहीण. पुडीत त्याच गोंड्यांचं बी आहे; तुमच्या परसात खोटं पेरायला मन धजेना. काल पुडी बांधताना मी आईंना सगळं सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे दोऱ्याची गाठ मारली.

"दोन सालनं उळं कोठे उगस, पोरी? माले ठाऊक शे."

मग इतके दिवस बोलला का नाहीत, असं मी विचारलं.

"तू उठीसन वावरमा जावाले लागनी, म्हनीसन."

मला खूप रडू आलं, ताई. आई पुडीवर पत्ता घालायला सांगून चहा ठेवायला गेल्या.

टाकायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. टाकणार असाल तर यंदाच टाका. ठेवून देऊ नका.

तुमच्या धनूची,
उज्वला