एकेचाळीस मिनिटांनंतर

राइट टाउन, जबलपूर
१० जानेवारी २०१०

प्रिय श्रीपाद,

पहिलीपासून अकरावीपर्यंत आपण एका वर्गात बसलो, म्हणून प्रिय. त्याहून जास्त काही त्या शब्दात शोधू नकोस. ऑटोने वीस मिनिटांत मी दीक्षितपुऱ्यात तुझ्या दारात उभी राहू शकले असते. पण मग तू "अरे अंजनी, आओ, आओ" म्हणाला असतास, तुझ्या बायकोने, विनताने, चहा टाकला असता आणि मी तो मुकाट्याने पिऊन, इकडचं तिकडचं बोलून परत आले असते. आजवर असंच झालं आहे. पत्राला कोणी चहा पाजू शकत नाही, म्हणून हे पत्र.

आपल्या मराठी मंडळाचा व्हॉइस रेकॉर्डर माझ्याकडे आहे. दचकू नकोस, चोरला नाही. मागच्या महिन्यात मंडळाचं कपाट आवरताना तो सापडला, त्यावर तुझ्या अक्षरात "खराब" अशी चिठ्ठी चिकटवलेली. तेहतीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. कोणी "खराब" म्हटलं की आधी यंत्र बघायचं आणि मग माणूस, ही माझी सवय तुला माहीत असायला हवी होती. मी रेकॉर्डर घरी आणला. खराब झाले होते ते फक्त सेल. फुटून त्यांचा पांढरा थर खणातल्या पत्र्यावर साचला होता. पेन्सिलीच्या रबराने पत्रा घासला, नवे दोन बारीक सेल घातले आणि यंत्र जागं झालं. दीड वर्षात एवढं कोणाला करता आलं नाही, कारण कोणाला करायचंच नव्हतं.

आता नीट वाच, कारण हे तुला वापरता यायला हवं. का, ते पुढे येईलच. डाव्या कडेला एक सरकता खटका आहे, त्याच्याखाली बारीक अक्षरात होल्ड लिहिलं आहे. तो बाणाच्या दिशेला सरकवला की बाकीची सगळी बटणं मुकी होतात. खिशात धक्का लागून यंत्र बंद पडू नये म्हणून ही सोय. होल्ड लावलेला असताना तू थांबायचं बटण दाबलंस तर काहीही थांबत नाही, नुसता पडद्यावर होल्ड हा शब्द दोनदा चमकतो आणि रेकॉर्डिंग आपलं चालू राहतं. चष्मा न लावणाऱ्या माणसाला तो शब्द दिसत नाही. आणि तू चष्मा फक्त भाषणाला लावतोस.

आठवतं ना, जून दोन हजार आठ? मंडळाच्या हॉलच्या पायाभरणीला पन्नासावं वर्ष लागणार म्हणून तू जुन्या माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करत हिंडत होतास. बारा माणसं ठरली होती. बारावे माझे बाबा, तुळशीराम मिस्त्री. हॉलच्या भिंती बांधलेल्यांपैकी तेवढे एकच उरले होते. तू मंडळातल्या अच्युतला मदतीला घेऊन आमच्याकडे आलास. आईने सकाळपासून अंगण दोनदा झाडलं होतं. बाबांनी कार्यक्रमात घालायची टोपी त्या दिवशीच घातली. मी ड्युटीवर होते, रिटायर व्हायला तीन महिने होते. संध्याकाळी घरी आले तर बाबा एवढे खूश, की जेवले पण नाहीत धड. "श्रीपाद भैयानं सगळं इचारलं, मी सगळं सांगतलं," एवढंच म्हणत होते.

चौथ्या दिवशी तुझा फोन. यंत्र बिघडलं, काही आलंच नाही. मी विचारलं, थोडंसुद्धा नाही? तेव्हा तू जे म्हणालास ते मला तोंडपाठ आहे. "काकांचा आवाजच फार बसलेला होता गं, मशीनने पकडला नाही." मी गाढव, तसंच्या तसं बाबांना जाऊन सांगितलं.

त्याचं काय झालं ते तुला कोणी सांगितलं नसेल, मीही नाही सांगितलं. ऐक. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या पाण्याने गुळण्या करायला लागला. हळद-दूध. मुलेठीची, म्हणजे ज्येष्ठमधाची, काडी दाढेखाली. तंबाखू सोडली, जी आईने साठ वर्षं सांगून सुटली नव्हती. चुन्याची डबी यंत्रासारखी तोंडासमोर धरून ओसरीत बसायचे आणि मोठ्याने बोलून बघायचे. आई हसायची. "काहून ओरडून राहिले हो एकटेच?" तर म्हणायचे, "श्रीपाद भैया पुन्हा येणार हाय ना. आता आवाज कमी नाही पडला पाहिजे." तू पुन्हा येतो म्हणाला होतास. जुलैत म्हणालास, ऑगस्टमध्ये म्हणालास, गणपतीनंतर म्हणालास. नंतर मी विचारायचं सोडलं, पण बाबांनी गुळण्या सोडल्या नाहीत.

नोव्हेंबरचा कार्यक्रम. अकरा जणांचे आवाज लाउडस्पीकरवर ऐकवले. मग तुझ्या वडिलांच्या, विष्णुपंतांच्या, फोटोचं अनावरण झालं, आणि मग तू चष्मा लावून म्हणालास की तांत्रिक कारणामुळे श्री. तुळशीराम यांचं मनोगत ऐकवता येत नाही. बाबा तिसऱ्या रांगेत होते. बाहेर पडताना ते भेटेल त्याला हात जोडून सांगत होते, "मशीनचा दोष नाही, माहाच आवाज बसला होता." माफी मागत होते, श्रीपाद. त्यांनी स्वतः बांधलेल्या पायऱ्यांवर उभे राहून. जानेवारीत ते गेले. शेवटच्या आठवड्यातही मला विचारलं, आता आवाज येते का बरोबर.

पुढची गोष्ट फोल्डरची. या यंत्रात ए, बी, सी, डी असे चार कप्पे असतात. चालू केल्यावर समोर येतो तो ए. नंतर सेल बदलून तू ए पुसायला गेला असशील; आधीचे अकरा आवाज उतरवून घेतलेले, म्हणून तो रिकामा दिसला, आणि हेही पुसलं गेलं समजून तू निश्चिंत झालास. पुसलं काही नव्हतं. त्या दिवशी तुझं किंवा अच्युतचं बोट लागून कप्पा बदलला होता. मेनू दाबायचा, उजवा बाण एकदा, की बी. बीमध्ये एकच फाइल आहे, तीन तास बावीस मिनिटांची. सेल संपत आले की हे यंत्र असेल तेवढं जपून ठेवतं आणि मग झोपतं. माणसांपेक्षा बरं वागतं.

आणि आवाज बसलेला? मागच्या बाजूला माइकचा खटका आहे, तो 'जास्त'वर होता. पत्र्यावर कबुतरं चालतात ती ऐकू येतात, आईच्या बांगड्या ऐकू येतात. बाबा तर अंगणात उभे राहून मजुरांना हाक मारतात असे ऐकू येतात.

पहिली वीस मिनिटं नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते तेव्हाची. वर्ध्याकडून कसे आले, चुना कसा मळायचे. मग हॉल. दर रविवारी अकरा घरचे गवंडी आणि मजूर येऊन फुकट काम करायचे, कारण आपल्या माणसांचा हॉल होणार होता. मग एकसष्टचा पहिला गणपती आणि महाप्रसाद. इथे तुझा आवाज येतो, "काका, ते राहू द्या, पायऱ्यांचं सांगा." पण बाबा थांबत नाहीत. सगळे पहिल्या पंगतीला बसले, पानं मांडली गेली, आणि विष्णुपंत हात जोडून आले. म्हणाले, तुम्ही घरचेच, तुम्ही मागून बसा. अकरा घरची माणसं पानावरून उठली. मागच्या अंगणात, चुन्याच्या हौदाजवळ, दोन तासांनी वाढलं. बाबा सांगतात, "वरण संपलं होतं. पण कढी मस्त होती." आणि हसतात. कडवटपणा शोधून सापडत नाही. "दुसऱ्या दिवशी मी पायऱ्या बांधाले गेलो. पायऱ्या तं राहिल्याच होत्या ना."

मी अकरा वर्षांची होते. त्या पंगतीत बाबांच्या मांडीला मांडी लावून बसले होते. तू समोरच्या ओळीत होतास, जिलबीकडे बघत. बाबा मला उठवताना म्हणाले होते, "चाल बेटा, तिकडं हवा चांगली लागते." अठ्ठेचाळीस वर्षं मी तेच खरं मानलं. लोकांना सांगितलंसुद्धा, की महाप्रसादाला मागच्या अंगणातच बसावं, हवा लागते. मागच्या महिन्यात, साठाव्या वर्षी, कानात वायर घालून मला कळलं की आम्हाला उठवलं होतं. याचा राग कोणावर काढू? विष्णुपंत गेले, बाबा गेले. तू आहेस.

एकेचाळीस मिनिटांनी तू थांबायचं बटण दाबलंस. होल्ड लागलेला होता. पुढे चहाचे कप, आईचं "सांभाळून जा जी", फाटक, आणि मग स्कूटरजवळ तू अच्युतला म्हणतोस, "हे ठेवता येणार नाही. आमच्या अण्णांचा फोटो लावायचाय त्याच हॉलमध्ये. मशीन बिघडलं म्हणून सांगू. म्हाताऱ्याचा आवाज बसला होता म्हणू. गरीब माणूस आहे, तो मान्य करेल." मान्य केलं त्यांनी. माणूस तू बरोबर ओळखलास. मग स्कूटर, मग तुझं घर. जेवताना तू वरण दोनदा मागितलंस.

तुझ्या वडिलांनी जे केलं ते त्या काळी पुष्कळांनी केलं असेल. त्यासाठी मी तुला एक शब्द बोलले नसते. पण तू एका म्हाताऱ्याकडून त्याचा आवाज काढून घेतलास आणि वर दोष त्याच्याच गळ्याला दिलास. माझ्या तोंडून दिलास. हे मी तुला माफ करणार नाही, त्यामुळे तसं काही मागू नकोस.

मग पत्र कशाला? येत्या रविवारी बाबांचं वर्षश्राद्ध आहे. त्या अकरा घरांतले जे उरले ते सगळे येतील, मंडळाचीही माणसं येतील. पंगती उठल्या की मी रेकॉर्डर लाउडस्पीकरला जोडणार आहे. आईला अजून काही माहीत नाही. ऐंशी ओलांडलेली बाई आजही म्हणते, यांचा आवाजच बसला होता. तू साडेअकराला ये. आधी आईसमोर बस आणि आवाज बसला नव्हता एवढं तुझ्या तोंडाने सांग. का खोटं बोललास ते नाही सांगितलंस तरी चालेल. मग यंत्र तुझ्या हातात देईन. मेनू, उजवा बाण, मधलं गोल बटण. एकेचाळीस मिनिटं बाबा बोलतील, कढी मस्त होती म्हणतील, आणि मग थांबायचं बटण तू दाब. होल्ड मी काढून ठेवला आहे, या वेळी ते थांबेल. तू आला नाहीस तर चालू मीच करेन, पण होल्ड लावून. मग ते स्कूटरपर्यंत जाईल.

तुझ्या वर्गातली,
अंजनी तुळशीराम

ता. क. चष्मा आण.